सोन्यावरचे ब्रश-पटल: जाडी पुरेशी, तरी गळती

हे प्रकरण कोणा एका प्रयोगशाळेचे नाही. धातूवर पॉलिमर ब्रश (एका टोकाने पृष्ठभागाला बांधलेल्या पॉलिमर-साखळ्यांचे दाट रान) वाढवणाऱ्यांना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा भेटतात, त्या एका नमुन्यात बांधून ते रचले आहे. आकडे मुद्दाम गोल ठेवले आहेत, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळता येतील. रसायने, यंत्रे आणि त्यांच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत.

गटाला हवे होते सोन्यावर उघडझाप करणारे पटल. क्लोराइडच्या द्रावणात त्याने फेरीसायनाइडसारख्या ऋणभारित आयनांना आत घ्यावे, परक्लोरेटच्या द्रावणात त्यांची वाट बंद करावी. त्यासाठी निवडलेल्या पॉलिमरचे नाव लांबलचक आहे: पॉली मेथॅक्रिलॉइलऑक्सिएथिल ट्रायमिथिलअमोनियम क्लोराइड. प्रयोगशाळेत त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, पी-मेटॅक म्हणतात. त्याच्या प्रत्येक घटकावर कायमचा धनभार असतो आणि तो द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून नसतो. सोबतीला क्लोराइड असेल तर साखळ्या पाणी पिऊन ताठ उभ्या राहतात. परक्लोरेट आला की तो भाराला घट्ट चिकटतो, पाणी बाहेर जाते आणि साखळ्या आक्रसतात. केंब्रिजमध्ये विल्हेल्म हक यांच्या गटाने २००५ च्या सुमारास हे वर्तन सविस्तर तपासले होते, त्यामुळे कल्पनेत नवे काही नव्हते. नवे असायला हवे होते ते पटल म्हणून तिचा उपयोग.

वाढवण्याची रीत

साखळ्या बाहेर तयार करून सोन्यावर चिकटवल्या तर दाट ब्रश मिळत नाही. आधी बसलेल्या साखळ्या नंतर येणाऱ्यांना जागाच देत नाहीत. म्हणून सोन्यावर आधी इनिशिएटरचा (जिथून साखळी सुरू होते त्या रेणूचा) एकरेणवी थर बसवायचा आणि साखळी तिथूनच, एकेक मोनोमर (साखळीचा सुटा घटक) जोडत, वर वाढवायची. वापरली ती पद्धत अणु-हस्तांतर मूलक बहुवारिकीकरणाची, म्हणजे एटीआरपी. १९९५ मध्ये मात्याशेव्स्की आणि सावामोतो यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. सोने आणि गंधक यांचा बंध उष्णता फारशी सोसत नाही, त्यामुळे सोन्यावर ही पद्धत चालवायची तर ती साध्या तापमानाला आणावी लागते. २००० साली किम, ब्रुनिंग आणि बेकर यांनी ते करून दाखवले. मोनोमर पाण्यात विरघळणारा असेल तर पाणी-मेथॅनॉलच्या मिश्रणात, नायट्रोजनखाली, तांब्याचा क्षार आणि बायपिरिडीन घेऊन काम तासा-दोन तासांत होते.

इनिशिएटर निवडताना गटाने एक तडजोड केली आणि पुढचे सगळे रामायण तिथून सुरू झाले. सोन्याकडचे गंधक आणि टोकाचा ब्रोमीन यांच्यामधला दुवा किती लांब ठेवायचा? ११ कार्बनचा दुवा घेतला तर थर नीट रचला जातो, टिकतो, पण विजेला अडवतो. मग विद्युत-मापनात दिसणारा अडथळा ब्रशचा की खालच्या थराचा, हे सांगता येत नाही. २ कार्बनचा दुवा घेतला तर थर विस्कळीत राहतो, इलेक्ट्रॉन सहज जातात आणि मोजणी फक्त ब्रशविषयी बोलते. गटाने २ कार्बनचा डायसल्फाइड घेतला. मोजणीच्या दृष्टीने निवड अगदी शहाणपणाची होती. टिकाऊपणाच्या दृष्टीने नव्हती, कारण लांब दुवे शेजारच्या दुव्यांना धरून राहतात आणि आखूड दुव्यांना हा आधार नसतो.

पहिली मोजणी

सुका ब्रश एलिप्सोमीटरवर (परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी काढणारे यंत्र) ४० नॅनोमीटर भरला. घनता १.२ ग्रॅम दर घन सेंटिमीटर धरली तर दर चौरस सेंटिमीटरवर ४.८ मायक्रोग्रॅम पॉलिमर झाला. क्वार्ट्झ स्फटिकाच्या तराजूनेही (थराचा भार वाढला की या स्फटिकाची कंपने मंदावतात) तेच सांगितले: ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला दर हर्ट्झमागे १७.७ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे २७० हर्ट्झची घसरण. मात्र हे साउअरब्रे समीकरण (१९५९) सुक्या, कडक थरालाच लागू पडते. ब्रश पाण्यात फुगला की स्फटिक पॉलिमरसोबत त्यातले पाणीही तोलतो, आणि मऊ थरात कंपने विरतात ती वेगळीच.

साखळ्या किती दाट आहेत हे काढायला रेणुभार लागतो. सोन्यावरून साखळ्या आयोडीनने सोडवून घेता येतात, पण रेणुभार मोजायला एखादा मिलिग्रॅम तरी हवा आणि दर चौरस सेंटिमीटरला मिळतात ४.८ मायक्रोग्रॅम. म्हणजे २०० चौरस सेंटिमीटरहून अधिक सोने खरवडायचे. बरेच जण इथे हात टेकतात आणि द्रावणात मोकळा इनिशिएटर टाकून त्यावर वाढलेल्या साखळ्यांवरून अंदाज बांधतात. या प्रकरणात १,००,००० रेणुभार धरला आहे. त्यावरून दर चौरस नॅनोमीटरला ०.२९ साखळ्या येतात, दोन बुंध्यांमधले (साखळ्यांच्या सोन्याला बांधलेल्या टोकांमधले) अंतर १.९ नॅनोमीटरच्या आत आणि प्रत्येक साखळीत सुमारे ४८० घटक. साखळी पूर्ण ताणली तर १२० नॅनोमीटर लांब होईल. क्लोराइडमध्ये फुगलेला ब्रश ९० नॅनोमीटर मिळाला, म्हणजे साखळ्या आपल्या लांबीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत ताणून उभ्या होत्या. अलेक्झांडर (१९७७) आणि द जेन (१९८०) यांनी ज्याला ब्रश म्हटले ती अवस्था हीच. बुंधे विरळ असते तर प्रत्येक साखळी आपापल्या जागी गोळा होऊन बसली असती.

सोन्यावर थायॉलचे (गंधकाच्या टोकाने सोन्याला बांधले जाणाऱ्या रेणूंचे) नीट बसलेले थर दर चौरस नॅनोमीटरला ४.६ रेणू धरतात. त्यातल्या जेमतेम सहा टक्क्यांवर साखळी वाढली. हे कमी वाटले तरी वाईट नाही. एका साखळीला उभे राहायला जी जागा लागते त्यात अनेक इनिशिएटर झाकले जातात.

इथपर्यंतचे आकडे पाहून कोणीही म्हणेल की पटल तयार आहे.

फेरीसायनाइडने दिलेले गोड उत्तर

पटलातून काय जाते हे पाहण्यासाठी फेरीसायनाइडचे चक्रीय व्होल्टॅमोग्राम (व्होल्टता वर-खाली फिरवत काढलेला प्रवाहाचा आलेख) घेण्याची जुनी रीत आहे. खालचे सोने इलेक्ट्रोड; आयन त्याच्यापर्यंत पोचला तर प्रवाह दिसतो. पोटॅशियम क्लोराइडमध्ये ब्रशवरचा प्रवाह उघड्या सोन्याहूनही जास्त आला. परक्लोरेटमध्ये नेल्यावर तो पार खाली आला. पुन्हा तीव्र क्लोराइडमध्ये धुतले, प्रवाह परतला. उघडझाप होते आहे, लेख लिहायला घ्या, असा उत्साह गटात होता.

मला विचाराल तर संशय तेव्हाच यायला हवा होता, जेव्हा झाकलेल्या सोन्याने उघड्या सोन्यापेक्षा जास्त प्रवाह दिला. अर्थात त्याचे कारण सापडण्यासारखे आहे. ब्रशमधल्या भाराची तीव्रता मोजून पाहा. सुक्या थरात एका लिटरला ५.८ मोल धनभार. ९० नॅनोमीटरपर्यंत फुगल्यावर २.६ मोल. बाहेर ०.१ मोलर मीठ. डॉनन समतोलाच्या (जागीच बांधलेल्या भारामुळे आत-बाहेर आयन कसे वाटले जातात त्याच्या) हिशेबाने एकभारी धन आयनाचे आतले प्रमाण बाहेरच्या चार टक्क्यांइतके राहते. त्रिभारी आयनासाठी हाच गुणक तीनदा गुणायचा: त्रिभारी धन आयन आत जवळजवळ नाहीच, वीस हजारात एक, फेरीसायनाइडसारखा त्रिभारी ऋण आयन मात्र त्याच प्रमाणात आत ओढला जातो, ब्रशची सगळी क्षमता भरेपर्यंत. प्रत्यक्षात इतकी टोकाची स्थिती येत नाही. साखळीवरचे भार इतके जवळजवळ असतात की निम्म्याहून अधिक प्रतिआयन (उलट भाराचे सोबती आयन) साखळीलाच लगटून बसतात आणि मोकळा भार एकतृतीयांशाच्या आसपास उरतो. तो धरूनही त्रिभारी धन आयनाचा वाटा हजारात एक इतकाच येतो.

तेव्हा फेरीसायनाइड पटलातून 'जात' नव्हता, तो पटलात साठत होता. याची खूण म्हणजे नमुना धुऊन कोऱ्या द्रावणात ठेवला तरी आलेखातली शिखरे दिसत राहिली, आणि शिखराची उंची व्होल्टता फिरवण्याच्या वेगाच्या वर्गमुळाशी नव्हे, तर सरळ वेगाशी प्रमाणात वाढली. विसरणाने येणारा आयन असे वागत नाही, अडकून बसलेला वागतो. साठ्याची वरची सीमाही काढता येते: ४.८ मायक्रोग्रॅम म्हणजे २३ नॅनोमोल भार, त्रिभारी आयन ७.७ नॅनोमोल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.७४ मिलिकूलोम.

या प्रोबचे (तपासणीसाठी वापरलेल्या आयनाचे) आणखी दोन दुर्गुण नोंदवून पुढे जाऊ. त्रिभारी असल्याने तो एकाच वेळी दोन-तीन साखळ्यांना धरतो आणि ब्रश स्वतःच आक्रसतो. ज्याची तपासणी करायची तेच बदलते. शिवाय बराच वेळ मोजत राहिले तर त्यातून सुटणारा सायनाइड सोने कुरतडतो. पी-मेटॅकवर फेरीसायनाइड वापरूच नये असे नाही, पण एकट्या त्याच्या साक्षीवर पटल अखंड आहे असे ठरवू नये.

रुथेनियमचा आयन

यावर उपाय म्हणजे उलट भाराचा प्रोब. हेक्साअमाइन रुथेनियम त्रिभारी धन आयन आहे. अखंड ब्रशने त्याला दारातच थांबवले पाहिजे. ताज्या नमुन्यावर त्याचा प्रवाह खरोखरच क्षीण आला. रात्रभर शुद्ध पाण्यात ठेवलेल्या नमुन्यावर मात्र तो उघड्या सोन्याच्या जवळपास गेला. त्याच नमुन्यावर फेरीसायनाइडची उघडझाप अजून छान चालली होती!

निष्कर्ष काढण्याआधी दोन शंका दूर करायच्या होत्या. पहिली, मापनाचा क्रम. ज्या नमुन्यात फेरीसायनाइड अडकून आहे त्याच्यावर रुथेनियम मोजला तर अडकलेला आयन इलेक्ट्रॉनची ने-आण करू शकतो, वर दोघांची जोडीही जमते. म्हणून एकाच तुकडीतले वेगळे नमुने घेतले आणि त्यांना फेरीसायनाइड लागूच दिला नाही. दुसरी शंका तांब्याची. एटीआरपीतले तांबे क्लोराइडसोबत ऋणभारित संयुगे बनवते आणि धनभारित ब्रश ती आनंदाने धरून ठेवतो. इडीटीएने (धातूचे आयन पकडून नेणारे रसायन) धुतल्यावर तांब्याचे छोटे शिखर गेले, रुथेनियमचे तसेच राहिले.

म्हणजे भोके होती. पण किती? सुकवून पुन्हा मोजल्यावर एलिप्सोमीटरने ३४ नॅनोमीटर दाखवले. पाण्यात असताना क्वार्ट्झ स्फटिकाची वारंवारताही वर सरकली होती, तीही सुक्या घटीच्या मानाने जास्तच, कारण निघून गेलेल्या साखळ्यांनी आपले पाणीही नेले होते. सहा नॅनोमीटरची घट पाहून पटल थोडे झिजले असे वाटते. एलिप्सोमीटरचा प्रकाशठिपका मिलिमीटरभराचा असतो. ३४ नॅनोमीटरचा सलग थर आणि १५ टक्के जागा उघडी पडलेला ४० नॅनोमीटरचा थर यांतला फरक त्याला सहजी कळत नाही. अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली दुसरी गोष्ट खरी ठरली. ब्रश बराचसा पूर्वीइतकाच उंच होता आणि मध्ये मध्ये तळापर्यंत गेलेले मायक्रोमीटरभर रुंदीचे डाग होते.

१५ टक्के जागा उघडी असताना प्रवाह जवळपास पूर्ण का? कारण नेहमीच्या वेगाने व्होल्टता फिरवली की द्रावणातला विसरण-थर काही दहा मायक्रोमीटर जाड होतो. डाग त्याहून जवळजवळ असतील तर त्यांचे विसरण-थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावणाला सगळा पृष्ठभाग उघडा असल्यासारखा भासतो. आमातोर, साव्हेआं आणि तेसिए यांनी १९८३ मध्ये अंशतः झाकलेल्या इलेक्ट्रोडचे हे गणित मांडले. डाग एकमेकांपासून दूर असते तर शिखराऐवजी पायरीसारखी सपाट वक्ररेषा आली असती. सांगायचे ते हे की पटलाची गळती केवळ उघड्या जागेच्या टक्केवारीवर ठरत नाही, उघड्या जागांमधल्या अंतरावरही ठरते. १५ टक्क्यांऐवजी २ टक्के उघडे असते, पण ते बारीक बारीक भोकांनी विखुरलेले असते, तरीही रुथेनियमने फार वेगळे उत्तर दिले नसते.

बुंधा कुठे सुटला

साखळी दोन ठिकाणी सुटू शकते: सोने-गंधक बंधाशी किंवा दुव्यातल्या एस्टर बंधाशी. एस्टर तुटला तर गंधक सोन्यावर राहते. थायॉल निघाला तर तेही जाते. क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन मापनाला जेमतेम १० नॅनोमीटर खोलीपर्यंतचे दिसते, त्यामुळे शाबूत ब्रशखाली काय आहे ते त्याला कळत नाही. कळते ते उघड्या डागांत, आणि तिथे १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ असायला हवे ते बांधलेल्या गंधकाचे शिखर फार अशक्त होते. डागांच्या कडांजवळ १६८ च्या सुमाराला थोडे ऑक्सिडीभूत गंधक सापडले. बुंधा मुळाशीच सुटला होता.

फुगण्याच्या ताणाने साखळ्या उपटल्या गेल्या, असे स्पष्टीकरण लगेच सुचते आणि लेखांतूनही अनेकदा दिले जाते. मला ते अर्धेच पटते. भारित ब्रशमध्ये प्रत्येक साखळीवरचा ताण ढोबळ हिशेबाने १० पिकोन्यूटनच्या घरात येतो. ग्रांडब्वा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एकेक रेणू ओढून पाहिला तेव्हा सोने-गंधकाचा बांध १.४ नॅनोन्यूटनला सुटला, म्हणजे शंभरपट अधिक बलाला. इतक्या कमी ताणाने बंध तुटत नसतो. पण साध्या थायॉल-थरात निसटलेला रेणू जवळच घुटमळतो आणि पुन्हा बसू शकतो. ब्रशमध्ये त्याच्या पाठीला ४८० घटकांची ताणलेली साखळी असते. ती त्याला सोन्यापासून दूर नेते आणि परतीची वाट संपते. हवेतल्या ऑक्सिजनाने आणि आखूड दुव्याच्या विस्कळीतपणाने होणारी रोजची झीज अशी एकतर्फी होऊन बसते.

हा फरक नुसता तात्त्विक नाही, त्यावर उपाय ठरतो. ताण हेच कारण मानले तर दोन सोपे उपाय सुचतात: नमुना कायम मिठाच्या पाण्यात ठेवा, किंवा इनिशिएटरमध्ये निष्क्रिय थायॉल मिसळून साखळ्या विरळ करा. पहिला फारसा चालत नाही, कारण आत मोलच्या घरात प्रतिआयन असताना बाहेरच्या ०.१ मोलर मिठाने ब्रशला काही जाणवत नाही. बाहेरची तीव्रता आतल्याच्या बरोबरीला आल्यावरच तो खाली बसू लागतो. दुसराही लंगडा आहे. प्रतिआयनांच्या दाबाने उभ्या राहिलेल्या ब्रशमध्ये एका साखळीवरचा ताण दाटीवर जवळपास अवलंबूनच नसतो. साखळ्या विरळ केल्या तर ताण तोच राहील आणि पटल मात्र जास्त गळेल. गटाने दोन्ही उपाय करून पाहिले आणि दोन्ही सोडले.

मग बुंधाच बदलला. पर्याय तीन होते. ११ कार्बनचा थायॉल टिकला असता, पण विद्युत-मापन आंधळे झाले असते. कॅटेकॉलचे बुंधे टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या ऑक्साइडवर उत्तम बसतात, सोन्याला ऑक्साइडच नाही. राहिले डायझोनियम: इलेक्ट्रोडवर ऋण व्होल्टता देऊन अरिल गट (बेंझिनचे कडे असलेला) थेट धातूला जोडायचा आणि त्याच्या टोकाला ब्रोमीन ठेवायचा. या वाटेने लोखंडावरही एटीआरपी केली गेली आहे, तेव्हा पुढे सोने परवडेनासे झाले तर पद्धत फेकून द्यावी लागणार नव्हती. तिचा दोष असा की अरिल गट एकमेकांवरही चढतात आणि थर जाड होत जातो. जोडणी वेळीच थांबवली नाही तर इलेक्ट्रॉनची वाट बंद होते. जोडणी अगदी थोडा वेळ चालवून थर पातळ राखला. फेरीसायनाइडची शिखरे एकमेकांपासून थोडी दूर गेली, म्हणजे इलेक्ट्रॉनची ने-आण जरा मंदावली, एवढी किंमत मोजावी लागली. रात्रभर पाण्यात ठेवल्यानंतर रुथेनियमचा प्रवाह ताज्या नमुन्याइतकाच क्षीण राहिला.

सपाट सोन्यावरून सच्छिद्र आधारावर

सपाट इलेक्ट्रोड हा अभ्यासाचा नमुना. खरे पटल सच्छिद्र आधारावरच हवे. गटाच्या हाताशी २०० नॅनोमीटर भोकांचा आधार होता. त्यावर सोन्याचा थर देऊन ब्रश वाढवला आणि उघडझाप उलटी झाली: क्लोराइडमध्ये बंद, परक्लोरेटमध्ये उघडे.

कारण सरळ भूमितीचे आहे. ब्रश भोकाच्या भिंतींवरही वाढला. क्लोराइडमध्ये दोन्ही बाजूंनी ९० नॅनोमीटर फुगल्यावर मध्ये २० नॅनोमीटरची वाट उरते. परक्लोरेटमध्ये आक्रसून ४५ नॅनोमीटर झाला की वाट ११० नॅनोमीटरची होते. दाबाने वाहणाऱ्या पाण्याचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे फरक नऊशे पटींचा. सपाट सोन्यावर आयनाला ब्रशच्या आतून जावे लागत होते, इथे तो ब्रशच्या शेजारून जात होता. पाण्याची झडप हवी असणाऱ्याला हे घबाडच. या गटाला आयन निवडणारे पटल हवे होते, आणि रिकाम्या वाटेतून आयन निवडले जात नाहीत.

त्यांनी २० नॅनोमीटर भोकांचा ॲल्युमिनाचा आधार घेतला, ज्याच्या तोंडावर ४० नॅनोमीटरचा ब्रश आडवा पसरून सलग झाकण होतो. ब्रुनिंग आणि बेकर यांच्या गटाने २००३ मध्ये सोन्याचा थर दिलेल्या सच्छिद्र ॲल्युमिनावर अशीच पटले बनवली होती. आता दोन कप्प्यांच्या पात्रात पटल मध्ये बसवून एका बाजूला फेरीसायनाइड ठेवतात आणि दुसऱ्या बाजूची पिवळी छटा ४२० नॅनोमीटरवर मोजतात. त्याच तुकडीतला दुसरा तुकडा आधी रात्रभर पाण्यात राहतो आणि मग रुथेनियमला सामोरा जातो. त्यातून तो पार झाला तरच पहिल्याचे आकडे वहीत चढतात.